देव घरी नसताना लागलेला कौल

टीचर, तुमच्या शोकसभेचं पत्रक मी लिहिलं नाही. शाळेतून फोन आला होता. तू पत्रकं लिहितेस, तुला सवय आहे, चार ओळी दे म्हणाले. मी विचारलं, काय लिहू? तर आदर्श शिक्षिका, प्रेमळ स्वभाव, आयुष्यात कधी कुणाचं मन दुखावलं नाही, असं काहीतरी. मी म्हटलं, मग तुम्ही दुसऱ्याच कुठल्या टीचरबद्दल बोलताय, आणि फोन ठेवला. मन न दुखावता तुम्ही एक निबंध तरी तपासला असेल का? माझं तर दर रविवारी दुखवायचात, वर चहाबरोबर गरम उंडा पाव समोर ठेवून म्हणायचात, खा आणि मग भांड.

म्हणून भांडायलाच लिहितेय. आपलं भांडण अर्धं राहिलंय. शेवटच्या रविवारी मी तावातावाने बोलत होते आणि तुम्ही मध्येच उठलात. म्हणालात, "थांब, तांदूळ धुवून येते, मग सांगते." तेवढ्यात माझी बस आली. जनेलाच्या गजांतून मी आत ओरडले की पुढच्या रविवारी सांगा. तुम्ही आतूनच हूं म्हणालात. पुढचा रविवार तुम्हाला मिळाला नाही. काय सांगणार होता ते मला अजून ठाऊक नाही, पण त्याला माझं उत्तर तयार आहे, हे तुम्हालाही ठाऊक असेल.

सुरुवात नववीत झाली. भूगोलाच्या पुस्तकात लपवून मी भुताटकीच्या कादंबऱ्या वाचायचे. म्हापशाच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या, अर्ध्यांना तर शेवटची पानंही नसायची. तुम्ही एक जप्त केलीत. मला वाटलं, आता आईला बोलावणार. दोन तासांनी तुम्ही ती परत दिलीत आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालात की यातलं भूत फार लवकर आलंय, लेखकाला धीर नाही. मग ऑफ तासाला तुम्ही आम्हाला दोनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रजी कादंबरीची गोष्ट सांगायला घेतलीत. त्यातली मुलगी अगदी माझ्यासारखी. ना रूप, ना हुशारी, नुसतं भयकथांचं वेड. तिला एका जुन्या मोठ्या घरातून पाहुणी म्हणून बोलावणं येतं. घरचा मालक विधुर, गोडबोल्या, आणि बायकोची खोली त्याने बंद ठेवलेली. मुलीचं डोकं चालायला लागतं. बायको मेली कशी? मेली की मारली? की अजून आतच आहे? एक दिवस घरात कुणी नाही असं बघून ती दार ढकलते.

तिथे तुम्ही थांबलात. खडू टेबलावर ठेवलात, हात झटकलेत. मग म्हणालात, "आत मानकुराद."

गवतावर पसरलेले, पिकत घातलेले आंबे. पोरांनी हात लावू नये म्हणून कुलूप. वर्ग हसून हसून आडवा झाला. माझ्या मात्र तोंडाला पाणी सुटलं आणि डोक्यात तिडीक गेली, दोन्ही एकदम.

कॉलेजात मी ते पुस्तक स्वतः वाचलं. त्यात आंबे नव्हतेच. एक साधी, नीटनेटकी खोली होती, खिडकीतून ऊन येत होतं, बस. मी संध्याकाळी तशीच तुमच्या घरी आले आणि ओसरीवर चप्पल न काढताच म्हटलं की तुम्ही आम्हाला फसवलंत. तुम्ही वाटाणे सोलत होता. मान वर न करता म्हणालात, "डिचोलीच्या पोरांना ऊन काय दाखवू? ऊन आहेच बाहेर."

पण खरं भांडण आंब्यांवरून नव्हतं. त्या कादंबरीत पुढे असं होतं की तो गोड मालक मुलीला इतके दिवस डोक्यावर घेऊन नाचत असतो, कारण त्याला वाटतं ती गडगंज घरची आहे. तसं नाही हे कळताच तो तिला सोबत न देता, कारण न सांगता घराबाहेर काढतो. नववीत मी बाकावरून उभी राहिले होते. म्हटलं, मग तिचा संशय खराच होता की. तुम्ही म्हणालात, गुन्हा चुकला. मी म्हटलं, माणूस तर बरोबर धरला. तुम्ही म्हणालात, बस खाली. मी बसले, पण हा मुद्दा मी आजपर्यंत सोडलेला नाही. त्या मुलीला लोक वेडी म्हणतात, कल्पनेत रमणारी म्हणतात. मी म्हणते, त्या घरात काहीतरी सडलंय हे तिच्या नाकाला सगळ्यांच्या आधी कळलं. खून नव्हता, हिशेबी हलकटपणा होता. खुनाला निदान लोक वाईट तरी म्हणतात.

आणि मग शेवट. सगळं भोगून, शिकून, शेवटच्या पानावर तिचं लग्न. त्याच घरातल्या मुलाशी. एवढं शहाणपण आलं ते कशासाठी, मी विचारायचे, मांडवात उभं राहायला? तुम्ही चष्म्यावरून बघायचात. म्हणायचात, शहाणपण आल्यावर लग्न करू नये असं कुठे लिहिलंय? आणि मुलगा बापासारखा नव्हता, तेवढं तिला दिसायला लागलं होतं, हे तू वाचलंस की पानं गळाली होती? मी म्हणायचे, तो मुलगा आयुष्यभर बापाच्या घरात गप्प बसून होता. तुम्ही म्हणायचात, एकदा बोलला, आणि वेळेवर बोलला. असं आपलं चालायचं. बाहेर शिरगावच्या खाणीवरून येणारे ट्रक जायचे, तुमच्या लाकडी कदेलीच्या हातांवर आणि पाठीवर लाल धूळ बसायची, तुम्ही फडकं फिरवायचात आणि परत बोलायला लागायचात.

माझी पत्रकंही तुम्हीच तपासायचात. आमच्या वाड्यामागचा डोंगर कापायला घेतला तेव्हा मी पहिलं लिहिलं. 'डोंगर गिळणाऱ्या राक्षसांनो.' तुम्ही लाल पेनाने राक्षस खोडलात. म्हणालात, राक्षसाला नोटीस बजावता येत नाही, नाव लिही, सर्व्हे नंबर लिही. मी म्हटलं, सर्व्हे नंबर वाचून ग्रामसभेला कुणी येत नाही, राक्षस म्हटलं की येतात. तुम्ही म्हणालात, येतात, आणि आत राक्षस दिसला नाही की चहा पिऊन घरी जातात. ते पत्रक तुमच्या म्हणण्याप्रमाणेच निघालं. आणि डिचोलीच्या बसस्टँडवर मी ते वाटत असताना एक उंच, गबाळा मुलगा थांबला, उभ्या उभ्या सगळं वाचलं आणि म्हणाला, सर्व्हे नंबरचा शेवटचा आकडा चुकलाय. तो सर्वेश. वास्कोला बंदरावर मालाची कागदपत्रं बघणारा, शनिवारी बसने इब्रामपूरला घरी जाणारा. आकडा खरंच चुकला होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे. सगळ्यांच्या आधी तुम्हालाच माहीत होतं, कारण मी रविवारी भांडायचं सोडून जनेलातून बाहेर बघायला लागले होते.

पेडण्यातलं इब्रामपूर तुमचं माहेर. सर्वेशचे वडील दत्तारामबाब तुमच्याच शाळेतले, तुमच्याच बाकावरचे. हे तुम्ही मला सांगितलंत, पण एवढंच.

दत्तारामबाब आमच्या घरी पहिल्यांदा आले ते काजूगरांचा डबा घेऊन. आमचं अंगण, तुळस, मागची पोफळीची बाग, सगळं हिंडून पाहिलं. माझ्या पत्रकांची तारीफ केली, अशी मुलगी आमच्या घरात हवी म्हणाले. आईला ताई म्हणाले. मला वाटलं, बापरे, हा तर तुमच्या कादंबरीतला यजमान. मी ते येऊन तुम्हाला सांगितलं, तुम्ही म्हणालात, सिद्धी, प्रत्येक गोड माणसाच्या मागच्या खोलीत बायको पुरलेली नसते. आपण दोघी हसलो.

आमचं घर चार पिढ्यांचं आहे, पण खालची जमीन आमची नाही. ती भाटकाराची. आम्ही मुंडकार. भिंती आमच्या, माती त्याची. आमच्याकडे हे कुणी पाहुण्याला दारात सांगत नाही, कारण इथल्या अर्ध्या घरांचं तसंच आहे आणि कायद्याने आम्हाला कुणी हलवू शकत नाही. पण पेडण्याकडे विमानतळाच्या रस्त्यानंतर जमिनीला जो भाव आलाय, त्याने माणसांचे डोळे बदललेत. दत्तारामबाबांना कुणीतरी सांगितलं की ती बाग मुलीच्या बापाची नाही. आणि शिगम्यानंतर मध्यस्थामार्फत निरोप आला: ग्रामदेवतेला कौल लावला होता, डावा पडला, देवाची इच्छा नाही.

हे वाचणाऱ्या बाहेरच्या कुणाला ठाऊक नसेल म्हणून सांगते. देवाच्या मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात आणि उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. आमच्या भागात लग्न, जमीन, नवी विहीर, काहीही असो, कौल घेतात. आणि कौल डावा पडला म्हटलं की वाद संपतो. माणसाशी भांडता येतं, देवाशी कोण भांडणार?

मला राग आला तो मोडलेल्या लग्नाचा नव्हता, खरं सांगते. मला राग आला तो आईकडे बघून. ती रडली नाही. देवाने नाकारलेली मुलगी, एवढंच तिच्या डोक्यात बसलं. तिने उपास धरला. शेजारच्या बायका माझ्याकडे असं बघायला लागल्या जसं कुणी तरी मला आतून तडा गेलेलं भांडं म्हणून दाखवलंय. मी आईला म्हटलं, देवाला जमिनीचे उतारे वाचता येतात का? ती म्हणाली, असं बोलू नको. माझी पत्रकं सगळ्या डिचोलीने वाचली, आणि घरात एका माणसाच्या डोक्यातून एक खोटं काढता येईना.

मी तुमच्याकडे आले. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, कौल कधी लावला म्हणे? मी दिवस सांगितला. तुम्ही चष्मा काढलात. टीचर, तो क्षण मला जन्मभर पुरेल. तुम्ही म्हणालात, "सिद्धी गो, त्या दिवशी देव घरी नव्हता."

शिगम्यात इब्रामपूरच्या देवाची पालखी गावोगाव फिरायला निघते. ती परत येईपर्यंत गाभाऱ्यात कौल लावत नाहीत, कधीच लावलेला नाही. तिथल्या लहान पोरालाही हे माहीत. दत्तारामबाबांना घाईत आठवलं नाही. खोटं बोलायचं तर निदान देवाच्या वेळापत्रकाची तरी चौकशी करावी. मी हसत सुटले. तुम्ही पण हसलात, पण कमी.

त्याच रात्री सर्वेशचा फोन आला आणि तो पहाटेच्या पहिल्या बसने माझ्या दारात आला. देवळात कुणी गेलंच नव्हतं, तो म्हणाला. बाबांना विचारलं तर ते उठून काजूच्या बागेत निघून गेले. मग माझ्या आईसमोर म्हणाला की मी तयार आहे, उद्या रजिस्ट्रारकडे जाऊन सही करू. आई आत निघून गेली. सर्वेशवर तिचा विश्वास होता, पण बापाने देवाच्या नावाने सांगितलेलं मुलाने खोडलं तर ते खोडलं जात नाही, असं तिचं म्हणणं. तिला तो प्रेमात पडलेला पोरगा दिसत होता. पोरगं काहीही बोलतं.

मी पत्रक लिहिलं. मथळा तुमच्याच वाक्याचा: 'देव घरी नसताना कौल दिला कोणी?' नाव लिहिलं, गाव लिहिलं, दिवस लिहिला. राक्षस एकही नाही. पेडण्याच्या बाजारात, इब्रामपूरच्या देवळासमोर वाटायचं ठरवलं. तुमच्याकडे तपासायला आणलं. तुम्ही लाल पेन घेतलंत, एक विशेषण खोडलंत, एक वाक्य वर नेलंत, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेत, शेवटचं उद्गारचिन्ह काढलंत. मग कागद माझ्या हातात दिलात. "तू लिहिलेलं हे सगळ्यात चांगलं पत्रक. आता छापू नको."

मी इतकी चिडले होते की उंडा खाल्ला नाही. मी म्हटलं, मग आम्ही सही करतो, तुम्ही साक्षीदार व्हा. साक्षीदार तुम्हीच होणार हे सर्वेशशी ओळख होण्याच्या कितीतरी आधीपासून ठरलेलं. तुम्ही म्हणालात, होईन, पण दत्ताराम स्वतः येऊन बोलेपर्यंत नाही. त्याला यायला वाट ठेव. पत्रक वाटलंस तर तो इब्रामपूरच्या शिवेबाहेर कधी पाऊल टाकणार नाही, आणि तुझी आई जन्मभर मानेल की देवाने नाही म्हटलं होतं. खोटं ज्याने सांगितलं त्यालाच ते परत घ्यावं लागतं.

टीचर, मी तुम्हाला त्या दिवशी काय काय म्हटलं. बापाची परवानगी लागणारी मी कुठली, दोनशे वर्षांपूर्वीची? तुम्ही म्हणालात, परवानगी नव्हे, कबुली. मी म्हटलं, एकच. तुम्ही म्हणालात, कादंबरी परत वाच. मी म्हटलं, कादंबरीत बापाने होकार दिला तो त्याच्या स्वतःच्या मुलीचं लग्न श्रीमंत घरात झालं म्हणून, खूष होता म्हणून, पश्चात्तापाने नव्हे, ते तुम्ही परत वाचा. तुम्ही लाल पेनाला टोपण लावलंत. टीचर, मी जिंकले होते तो एक मुद्दा. नंतरही तुम्ही त्यावर काही बोलला नाहीत, याची मी नोंद घेतली आहे.

आणि मग तो शेवटचा रविवार. मी परत तेच घेऊन आले: असल्या माणसासाठी का थांबायचं? तेव्हा तुम्ही सांगितलंत. दत्तारामबाब लहान असताना त्यांचं घरही मुंडकाराचं होतं. कायदा यायच्या आधी भाटकाराने त्यांना बाहेर काढलं. भांडी रस्त्यावर, आणि सगळं कुटुंब देवळाच्या मंडपात. शाळेत येताना तो मंडपातूनच यायचा, तुम्ही म्हणालात, आणि कुणी विचारलं तर सांगायचा, आमचं घर दुरुस्तीला काढलंय. दुसऱ्याच्या मातीवरचं घर बघितलं की तो माणूस घाबरतो गो. दुष्ट नाही, घाबरतो.

मी म्हटलं, मग तर मला दुप्पट राग येतो. ज्याला बाहेर काढलं त्याने दुसऱ्याला बाहेर काढू नये, एवढं तरी त्याला कळायला हवं होतं. भ्यालेला माणूस दार लावतो तेव्हा बाहेर उभ्या असणाऱ्याला ते तेवढंच बंद असतं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग, "थांब, तांदूळ धुवून येते, मग सांगते."

बुधवारी तुमच्या बहिणीचा फोन आला. छातीत दुखलं, डिचोलीहून इस्पितळाकडे गाडी निघाली, वेळेत पोहोचली नाही. मी रडले नाही. मी आधी चिडले. भांडण टाकून जायची ही कुठली पद्धत?

तुमच्या बाराव्याला ओसरीवर तुमच्या सगळ्या कदेली मांडल्या होत्या. पुसलेल्या. मी चहा देत होते. जेवणं आटोपत आली तेव्हा फाटकातून दत्तारामबाब आले. एकटे, पांढरा शर्ट, हातात टोपी. तुमच्या फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले. मग माझ्यासमोर आले. मी ट्रे खाली ठेवला नाही. ते हळू आवाजात म्हणाले, "बाय, परत एकदा कौल लावया. ह्या खेपेक तुझ्या समोर."

टीचर, मला माहीत आहे, बाराव्याच्या घरात असं बोलू नये. मी म्हटलं, "देव घरात आसा काय, तां आदी बघून येवा."

मग तुमची बहीण, जी त्या बुधवारच्या फोननंतर कुणाशी बोलली नव्हती, तिला हसू फुटलं. पदर तोंडावर धरून ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. दत्तारामबाब टोपी फिरवत उभे. मला वाटलं, आता जातील. तुमचं ऐकून ठेवलेली वाट मी एका वाक्यात बुजवली, असंही वाटलं, कबूल करते. मग ते म्हणाले, "माझां चुकलां. देवाक मदी आणूक नको होतो."

मी म्हटलं, हे मला सांगून उपयोग नाही. ज्या अंगणात निरोप पोचला त्या अंगणात येऊन सांगा. मग मी पिशवीतून तुम्ही तपासलेलं पत्रक काढलं आणि त्यांना दिलं. ते छापलं नाही, कारण त्यांना यायला वाट राहावी असं माझ्या टीचरना वाटत होतं, एवढं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, तुमच्या ओसरीपुढच्या बलकांवात उभं राहून ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. लाल खुणांवर बोट फिरवलं. म्हणाले, "टीचरान तपासलेलां दिसतां." घडी करून खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्याकडे आले. शेजारच्या बायका नळावर होत्या, त्याच ज्या माझ्याकडे बघायच्या. आईने खुर्ची दिली, ते बसले नाहीत. अंगणाच्या मधोमध, तुळशीजवळ उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ताई, देवान नाय म्हणूक नाय. नाय मी म्हटलंय. देवळात कोण गेलोच नाय."

नळ चालूच राहिला. कुणीतरी तो बंद केला. आईने एवढंच विचारलं की म्हणजे देव माझ्या पोरीवर रागावलेला नाही? ते म्हणाले, नाही. आई आत गेली आणि चहाचं आधण ठेवल्याचा आवाज आला. उपास सोडते की काय, मी मनात म्हटलं. सोडला. स्वतःच्या चहात दोन चमचे साखर घालून प्याली.

तर टीचर, कबुली मिळाली. तुमचं खरं ठरलं. ते आले, स्वतःच्या पायांनी आले, आणि जे कुठलंही पत्रक करू शकलं नसतं ते त्यांनी एका वाक्यात केलं. पण ते तुम्ही गेल्यावर आले. एक माणूस घराबाहेर पडावा म्हणून एवढं करायची काय गरज होती? मी अजून थोडी थांबले असते. कुरकुरत, पण थांबले असते. हे मला तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. तुमच्यामुळे मी एक पत्रक न छापता ठेवलं, माझ्यासारखीने. माझं सगळ्यात चांगलं. तुम्ही शिकवलेल्या सगळ्यात ते अवघड होतं आणि त्याचे मार्क तुम्ही दिलेच नाहीत.

सही पुढच्या आठवड्यात आहे. तुमच्या जागी साक्षीदार कोण, असं सर्वेशने विचारलं. मी म्हटलं, दत्तारामबाब. त्याने परत विचारलं, बाबा? मी म्हटलं, जे झालं नाही त्याची साक्ष त्यांनी एकदा दिलीय, आता जे होतंय त्याची देऊ दे. तुम्हाला हे आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही. 'जरा जास्तच टाळीचं वाक्य' म्हणून खोडलंही असतंत. पण मी ते त्यांना तसंच सांगितलं, आणि ते हो म्हणाले.

आणि हो, शेवटच्या पानावर लग्न होतं म्हणून मी त्या मुलीवर इतकी वर्षं चिडले होते, तो मुद्दा मी अंशतः मागे घेते. अंशतः. तिला माणूस ओळखता यायला लागला होता, हे तुमचं बरोबर. पण तिच्या सासऱ्याने अंगणात उभं राहून काही कबूल केलं नव्हतं. माझ्या सासऱ्याने केलं. म्हणजे माझा शेवट तिच्यापेक्षा बरा आहे, आणि याचं श्रेय दोनशे वर्षांपूर्वीच्या लेखिकेला नाही, तुम्हाला आहे.

रविवारी मी पहिल्यांदा इब्रामपूरला त्यांच्या घरी गेले. जेवणं झाल्यावर दत्तारामबाबांनी कमरेची किल्ली काढली. मागच्या बाजूला एक खोली आहे, कुलूप लावलेली. सर्वेश म्हणाला, लहानपणी आम्हाला तिथे जायची बंदी असायची. मंडपातून उठल्यावर त्यांच्या बापाने बांधलेलं हे घर, तुमचं माहेर तिथून दोन घरं टाकून. त्यांनी दार ढकललं. आत अंधार होता, आणि वास आला, टीचर. गवतावर ओळीने पसरलेले, अर्धे पिवळे.

तुम्ही लहानपणी या दारात उभ्या राहिल्या असणार. वर्गातले आंबे तुम्ही इथून आणलेत, म्हणून ते पुस्तकात नव्हते.

दत्तारामबाबांनी त्यातला एक उचलला, हुंगला, ठेवला, दुसरा उचलून माझ्या हातात दिला. मी खाल्ला. फार गोड होता. त्याने काहीही सिद्ध होत नाही, टीचर. आंबे निघाले म्हणून माणूस बरा ठरत नाही. आता तुम्ही बोला.